उदय शंकर : समीक्षकांच्या कसोटीवर एक नर्तक

डिसेंबर १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगमंचावर उदय शंकर यांच्या नृत्यसंचाचा पहिला प्रयोग झाला. अमेरिकेच्या वृत्तपत्रांनी त्याचे मोकळ्या मनाने स्वागत केले. सहस्रावधी वर्षांची भारतीय नृत्यपरंपरा आपल्यासमोर सजीव झाली आहे, अशी तेथील बहुतेक प्रेक्षकांची भावना होती. प्रत्यक्षात रंगमंचावरील या तरुणाने तोपर्यंत कोणत्याही भारतीय शास्त्रीय नृत्यप्रकाराचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. पुढे मायदेशी याच गोष्टीसाठी त्यांना दोष देण्यात आला. ज्या नृत्यात पश्चिमेला अस्सल भारत दिसला, तेच नृत्य भारतातील अनेक जाणकारांना पुरेसे भारतीय वाटले नाही. या दोन निवाड्यांच्या कात्रीत उदय शंकर यांचे सारे कलाजीवन गेले.

त्यांचा जन्म ८ डिसेंबर १९०० रोजी राजस्थानातील उदयपूर येथे एका बंगाली कुटुंबात झाला. शहराच्या नावावरूनच त्यांचे नाव ठेवण्यात आले. वडील श्याम शंकर चौधरी हे संस्कृतचे पंडित आणि बॅरिस्टर होते. झालावाड संस्थानाच्या सेवेत असल्याने त्यांचा बराच काळ घराबाहेर जाई. आई हेमांगिनी देवी मुलांना घेऊन गाझीपूरजवळच्या नसरतपूर या आपल्या माहेरगावी राहत. तेथील लोकनर्तकांचे नाच आणि झालावाडच्या दरबारातील उत्सव हीच उदय शंकर यांची नृत्याची पहिली शाळा ठरली. पुढे ते चित्रकलेच्या शिक्षणासाठी मुंबईस आले. सर ज. जी. कला महाविद्यालयात त्यांनी चित्रकलेचे धडे घेतले आणि पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या गांधर्व महाविद्यालयात संगीताचे. मुंबईतील हा काळ अल्प होता. तरी त्यांच्या पुढील रचनांत जी चित्रकाराची नजर आणि संगीताची शिस्त दिसते, तिचा आरंभ येथे झाला असे म्हणावयास हरकत नाही.

१९२० मध्ये ते लंडनला गेले आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. प्राचार्य विल्यम रोथेनस्टाइन हे भारतीय कलेचे चाहते होते. युरोपीय शैलीत चित्रे काढणाऱ्या या विद्यार्थ्याला त्यांनी ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन आपल्या देशाची शिल्पे आणि चित्रे अभ्यासण्याचा सल्ला दिला. वडिलांनी लंडनमध्ये आयोजित केलेल्या कार्यक्रमांतून उदय शंकर अधूनमधून नृत्य करीत असत. त्यांची कीर्ती रशियन बॅले नर्तकी अॅना पाव्हलोव्हा यांच्या कानी गेली. पौर्वात्य विषयांवरील एका नव्या रचनेच्या त्या तयारीत होत्या. तिच्यातील हिंदू विवाहाचा प्रसंग आणि राधा-कृष्णाचे नृत्य बसविण्याचे काम त्यांनी या तरुण चित्रकारावर सोपविले. १९२३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पाव्हलोव्हा राधा झाल्या आणि उदय शंकर कृष्ण. त्यानंतर पाव्हलोव्हांच्या संचाबरोबर त्यांनी अमेरिकेचा दौरा केला. चित्रकला मागे पडली ती कायमची.

पाव्हलोव्हांनी त्यांना बॅले शिकू दिले नाही. आपल्या देशातील नृत्याकडे वळावे, असाच त्यांचा आग्रह होता. त्यांच्यापासून वेगळे झाल्यावर उदय शंकर यांनी पॅरिसमध्ये काही वर्षे हलाखीत काढली. मिळेल त्या नृत्यगृहात ते कार्यक्रम करीत. सिमोन बार्बिये ही फ्रेंच तरुणी याच काळात त्यांची शिष्या झाली. 'सिमकी' या नावाने ती पुढे त्यांची प्रमुख सहनर्तकी म्हणून ओळखली गेली. स्वित्झर्लंडच्या शिल्पकार अॅलिस बोनर यांच्या साहाय्याने १९३० मध्ये ते भारतात परतले. या दोघांनी देशभर भ्रमंती करून मंदिरे, लेणी, लोकनृत्ये आणि कथकळीचे प्रयोग पाहिले व वाद्ये जमविली. भाऊ, काका, चुलत बहीण आणि आई यांना घेऊन ते पॅरिसला परतले. त्या भावंडांत दहा वर्षांचा रविशंकरही होता. संगीताची बाजू सरोदवादक तिमिर बरन आणि पलुस्करांचे शिष्य विष्णुदास शिराळी यांनी सांभाळली. ३ मार्च १९३१ रोजी पॅरिसमधील शांझेलिझे नाट्यगृहात या संचाचा पहिला प्रयोग झाला.

हा प्रयोग कोणत्या पार्श्वभूमीवर झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे. पौर्वात्य नृत्य या नावाखाली युरोप-अमेरिकेत तोवर बरेच काही पाहिले गेले होते. रूथ सेंट डेनिस या अमेरिकन नर्तकीने भारत पाहण्यापूर्वीच १९०६ मध्ये 'राधा' हे नृत्य सादर करून नाव मिळविले होते. अशा नृत्यांत झिरझिरीत वस्त्रे, धूप आणि गूढतेचा आभास यांचा भरणा असे. उदय शंकर यांच्या प्रयोगात पाश्चात्त्य वाद्यवृंद नव्हता. भारतीय वाद्ये घेतलेले वादक रंगमंचावरच बसत. वेषभूषा चित्रकाराच्या विचाराने केलेली होती आणि नर्तकाच्या देहाला शिल्पाची घडण होती. 'इंद्र', 'गंधर्व', 'कार्तिकेय', गारुड्याचे नृत्य, शिव-पार्वती आणि गजासुराच्या कथेवरील 'तांडव' अशा रचना थोड्या थोड्या मिनिटांच्या असत. युरोपीय प्रेक्षकाची सहनशक्ती उदय शंकर जाणून होते. आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइस यांच्यावर त्यांच्या नृत्याचा असा प्रभाव पडला, की १९३४ मध्ये नर्तकी असलेल्या आपल्या मुलीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या कलावंताचा प्रयोग चुकवू नये असे आवर्जून सांगितले आणि त्यांच्या रंगमंचावरील वावराला जवळजवळ दैवी ठरविले.

पश्चिमेतील समीक्षेचा सूर सर्वसाधारणपणे असाच होता. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जॉन मार्टिन हे तेव्हा अमेरिकेतील सर्वांत वजनदार नृत्यसमीक्षक होते. १९२७ पासून त्या वृत्तपत्रात नृत्यावर लिहिणाऱ्या मार्टिन यांनी मार्था ग्रॅहम यांच्यासारख्या आधुनिक नृत्यकारांची बाजू ठामपणे लावून धरली होती. साचेबद्ध तंत्रापेक्षा अंतःप्रेरणेतून आलेली हालचाल हे नृत्याचे मूळ, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी उदय शंकर यांचीही मनापासून प्रशंसा केली. मार्टिन यांच्या स्वतःच्या कसोटीला उदय शंकर हे ग्रॅहम यांच्याइतकेच उतरणारे होते. तयार व्याकरण हाती नसताना शिल्पे, चित्रे, आठवणी आणि स्वतःचे शरीर यांतून त्यांनी एक नृत्यभाषा घडविली होती. परंतु तिकडच्या लेखनात ग्रॅहम या आधुनिक ठरल्या आणि उदय शंकर प्राचीन परंपरेचे वाहक. एकीची रचना तिच्या बुद्धीची निर्मिती मानली गेली, दुसऱ्याची त्याच्या देशाची देणगी. हा गैरसमज वाढण्यास स्वतः उदय शंकरही काही अंशी कारणीभूत होते. संचाच्या नावातच हिंदू नृत्य आणि संगीत असे शब्द होते आणि इंप्रेसारिओ सॉल ह्युरोक यांना पुरातन भारताचे दर्शन विकणे सोपे होते. नवनिर्मितीचे श्रेय मागण्यापेक्षा परंपरेचा वारसा सांगणे त्यांनी पसंत केले. पुढे त्याची किंमत मोजावी लागली.

१९३३ मध्ये संच भारतात आला, तेव्हा येथील वातावरण बदललेले होते. देवदासींच्या नृत्यावर बंदी घालावी की ते वाचवावे, या वादाने मद्रास ढवळून निघाले होते. १९३२ मध्येच तेथील म्युझिक अकादमीने या नृत्याला 'भरतनाट्यम' हे नाव देण्याचा पुरस्कार केला होता. १९३० मध्ये महाकवी वळ्ळत्तोळ यांनी केरळ कलामंडलम स्थापून कथकळीला आश्रय दिला होता. एकेका प्रांतातील नृत्य शोधून, शुद्ध करून आणि शास्त्रग्रंथांशी त्याचे नाते जोडून त्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा देण्याचे काम सुरू झाले होते. अशा वेळी कोणत्याही एका गुरूचे नाव न सांगणारा, कोणत्याही एका शैलीत न बसणारा नर्तक जगभर भारताचा प्रतिनिधी म्हणून मिरवतो, हे अनेकांना रुचले नाही. त्यांच्या हस्तमुद्रांना शास्त्राचा आधार नाही, पदन्यास कच्चा आहे, अभिनयाला साहित्याची बैठक नाही आणि रंगमंचाची मांडणी परकीय आहे, असे आक्षेप घेतले गेले.

पहिले दोन आक्षेप त्यांच्या जागी खरे होते. कथकमधील तत्कार किंवा भरतनाट्यममधील अडवू यांच्या मापाने पाहिल्यास उदय शंकर यांचे पाय साधेच होते. त्यांची ताकद धड, खांदे आणि बाहू यांत होती. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत वाहत जाणारी लाट ही त्यांची खूण. शेवटच्या आक्षेपाविषयी मात्र एक विलक्षण योगायोग सांगण्यासारखा आहे. भरतनाट्यमला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनाही नृत्याची प्रेरणा पाव्हलोव्हांकडूनच मिळाली होती. त्यांच्या संचातील नर्तकीकडे त्या बॅले शिकल्या होत्या आणि आपल्या देशाच्या नृत्याकडे वळण्याचा सल्ला त्यांनाही पाव्हलोव्हांनीच दिला होता. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या त्यांच्या कलाक्षेत्रातही प्रकाशयोजना, नेपथ्य आणि वेषभूषा यांचा आधुनिक रंगभूमीच्या दृष्टीने नवा विचार झाला. शुद्ध परंपरा म्हणून जिचा गौरव झाला आणि संकर म्हणून ज्याच्यावर टीका झाली, त्या दोन्ही वाटा एकाच रशियन नर्तकीच्या उंबरठ्यावरून निघाल्या होत्या. समीक्षेने एका ठिकाणी रंगमंचाचा बदल आत येऊ दिला आणि दुसऱ्या ठिकाणी तोच अडविला.

या काळात उदय शंकर यांना सर्वांत समंजस प्रतिसाद मिळाला तो रवींद्रनाथ टागोर यांच्याकडून. शांतिनिकेतनात मणिपुरी, कथकळी आणि बंगाली लोकनृत्ये एकत्र आणून ते स्वतःही नृत्यनाट्यांचे प्रयोग करीत होते. १९३३ मध्ये उदय शंकर यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्यांनी या तरुण कलावंताचे अभिनंदन केले. त्याच वेळी, मिळालेल्या यशावर न थांबता पुढची अधिक कठीण वाट धरण्यास सुचविले. कलेला प्रांताच्या वा प्रथेच्या सीमा नसतात, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. शाबासकी आणि इशारा एकाच पत्रात देणारी ही समीक्षा होती. उदय शंकर यांच्या वाट्याला असे लेखन फार थोडे आले.

टीकेला त्यांनी लेख लिहून उत्तर दिले नाही. त्यांनी आधी गुरू केला. कथकळीचे आचार्य शंकरन नंबुद्री यांच्याकडे, जगभर नाव झाल्यानंतर, ते शिष्य म्हणून बसले. १९३६ मध्ये इंग्लंडमधील डार्टिंग्टन हॉल येथे एल्महर्स्ट दाम्पत्याच्या निमंत्रणावरून त्यांचा संच काही महिने राहिला. तेथे जर्मन नृत्यकार कुर्ट योस आणि रशियन नट मायकेल चेखव्ह हेही आपापल्या शिष्यांसह काम करीत होते. योस यांची 'द ग्रीन टेबल' ही १९३२ ची युद्धविरोधी रचना गाजलेली होती. समकालीन जगाचे प्रश्न नृत्यातून मांडता येतात आणि समूह हाच नायक होऊ शकतो, याचा धडा तेथे जवळून पाहावयास मिळाला.

त्यानंतर उदय शंकर यांच्या रचनांचे वळण बदलले. १९३८ च्या 'रिदम ऑफ लाइफ'मध्ये खेड्यातील तरुण, त्याची स्वप्ने आणि त्याच्या भोवतीचा अस्वस्थ देश आला. १९३९ च्या 'लेबर अँड मशिनरी'मध्ये शेत सोडून कारखान्यात आलेले मजूर हळूहळू स्वतःच यंत्राचे भाग होतात आणि अखेर बंड करतात. येथे देव नव्हते, पुराण नव्हते. नर्तकांच्या शरीरांतूनच चाके, दांडे आणि दट्टे तयार होत. भारतीय रंगमंचावर समूहाच्या हालचालीचा असा विचार यापूर्वी झाला नव्हता. उदय शंकर नर्तक म्हणून मोठे होतेच. परंतु त्यांचे खरे मोठेपण नृत्यरचनाकाराचे होते आणि ते या दोन कृतींत दिसते. त्यांच्या समीक्षकांपैकी फारच थोड्यांनी हा फरक केला. ब्रिटिश समीक्षक फर्नाउ हॉल हे त्या थोड्यांपैकी एक. त्यांनी उदय शंकर यांच्याकडे पौर्वात्य नवल म्हणून न पाहता रचनाकार म्हणून पाहिले आणि त्यांच्यावर विस्ताराने लिहिले. भारतात मात्र नृत्यसमीक्षा अजून नर्तकाचे गुणदोष सांगण्यात गुंतलेली होती. एकल नृत्यासाठी घडलेल्या तिच्या शब्दसंग्रहात वीस शरीरांच्या रचनेविषयी बोलण्याची सोय नव्हती.

एल्महर्स्ट कुटुंबाच्या आर्थिक पाठबळावर १९३८ मध्ये अल्मोड्याजवळ सिमतोला येथे उदय शंकर इंडिया कल्चर सेंटर उभे राहिले. त्याची घडण पाहिली की टीकाकारांना दिलेले उत्तर वेगळे शोधावे लागत नाही. कथकळीसाठी शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमसाठी बालसरस्वतींचे गुरू कंदप्पा पिळ्ळै, मणिपुरीसाठी अमुबी सिंह आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ असे आचार्य तेथे आणण्यात आले. विद्यार्थ्याने हे सर्व शिकावयाचे, परंतु त्यांपैकी कशाचीही नक्कल करावयाची नाही, अशी अपेक्षा होती. सकाळी अंगाची तयारी, मग शास्त्रीय नृत्याचे पाठ आणि त्यांच्या जोडीला स्वयंस्फूर्त रचनेचा वर्ग. नुसते चालणे हाही तेथे अभ्यासाचा विषय होता. झोहरा सेहगल, अमला, शांती बर्धन, नरेंद्र शर्मा, सचिन शंकर, प्रभात गांगुली आणि पुढे चित्रपटदिग्दर्शक झालेले गुरुदत्त अशी नावे या केंद्राशी जोडलेली आहेत. गुरुदत्त पुढे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत आले आणि तेथे त्यांनी नृत्यदिग्दर्शनाचेही काम केले. शिष्या असलेल्या अमला नंदी यांच्याशी उदय शंकर यांचा १९४२ मध्ये विवाह झाला.

अल्मोड्यात सादर झालेली 'रामलीला' हा छायानाट्याचा प्रयोग होता. भल्यामोठ्या पडद्यामागून नर्तकांच्या सावल्या कथा सांगत आणि डोंगरातील गावांतून लोक चालत येऊन ती पाहत. या प्रेक्षकाने शुद्धतेचा प्रश्न विचारला नाही. पण त्याच्याकडून केंद्र चालण्याइतका पैसा मिळणार नव्हता. महायुद्धामुळे परदेशी मदत आटली आणि १९४४ मध्ये केंद्र बंद पडले. भारतीय नृत्याच्या इतिहासातील एक मोठी शक्यता जेमतेम पाच-सहा वर्षांत संपली. शास्त्रीय नृत्यांच्या संस्थांना या काळात संस्थानिक, धनिक आणि पुढे शासन यांचा आधार मिळत गेला. अल्मोड्याला तो मिळाला नाही, यामागे कोणत्याच खान्यात न बसण्याचे दुखणेही होते.

त्यानंतर उदय शंकर यांनी आपली सारी शक्ती आणि पैसा 'कल्पना' या चित्रपटात ओतला. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत त्याचे चित्रण झाले आणि १९४८ मध्ये तो प्रदर्शित झाला. उदयन नावाचा नर्तक हिमालयात कलाकेंद्र उभारण्याचे स्वप्न पाहतो आणि ते पूर्ण करण्यासाठी धडपडतो, अशी त्याची कथा. ती स्वतः उदय शंकर यांचीच होती. मुख्य भूमिका त्यांनी केली, अमला त्यांच्यासोबत होत्या, संगीत विष्णुदास शिराळी यांचे होते. धंद्याचेच गणित मांडणारा निर्माता, देणगीच्या आशेने बोलाविलेले आणि नृत्यापेक्षा स्वतःच्या बडेजावात रमलेले संस्थानिक, परदेशी ते सर्व श्रेष्ठ मानणारा सुशिक्षित वर्ग अशा साऱ्यांची त्यात खिल्ली उडविलेली आहे. चित्रपटाच्या आरंभीच प्रेक्षकाला सावध राहून पाहण्याची विनंती केली आहे, कारण प्रसंग झपाट्याने बदलतात. आयुष्यभर इतरांनी लिहिलेल्या समीक्षा वाचणाऱ्या कलावंताने एकदा तरी प्रेक्षकांची आणि आश्रयदात्यांची समीक्षा केली. चित्रपट सरळ कथेची अपेक्षा करणाऱ्यांना गोंधळात टाकणारा होता. त्याच्या वेगळेपणाची दखल घेतली गेली, परंतु तिकीट खिडकीवर तो अपयशी ठरला आणि उदय शंकर कर्जाच्या भारात सापडले.

स्वातंत्र्योत्तर काळात त्यांच्यावरील टीकेचे स्वरूप बदलले. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीची स्थापना झाली आणि शास्त्रीय नृत्यांची अधिकृत मोजदाद सुरू झाली. त्या यादीत जे बसत नाही, त्यासाठी 'सर्जनशील नृत्य' असा कप्पा निघाला. उदय शंकर यांना १९६० मध्ये अकादमीचा पुरस्कार मिळाला तो याच कप्प्यात. १९६२ मध्ये अकादमीची फेलोशिप आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण हेही सन्मान आले. मान मिळाला, पण जणू शास्त्रीय नृत्यात सर्जन नसते आणि सर्जनशील नृत्याला शास्त्र नसते, अशी विचित्र विभागणीही पक्की झाली. दरम्यान बंगालमध्ये 'ओरिएंटल डान्स' या नावाने त्यांच्या शैलीचे अनुकरण गल्लोगल्ली होत होते. बाहूंच्या लाटा घेतल्या गेल्या, त्यामागील रचनेचा विचार घेतला गेला नाही. त्या अनुकरणाचा कंटाळा आलेल्या समीक्षकांनी त्याचे खापर मूळ कलावंतावर फोडले. हा न्याय म्हणता येणार नाही. मात्र अल्मोड्यानंतर आपल्या पद्धतीला स्थिर अभ्यासक्रमाचे रूप त्यांना फार काळ देता आले नाही, हेही त्यामागचे एक कारण होते.

उत्तरायुष्यातही ते थांबले नाहीत. बुद्धजयंतीच्या निमित्ताने बुद्धचरित्रावरील छायानाट्य, टागोर जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ मध्ये, रविशंकर यांच्या संगीतासह 'सामान्य क्षति' आणि १९६६ मध्ये 'प्रकृति आनंद' या रचना त्यांनी सादर केल्या. १९६५ मध्ये कोलकात्यात त्यांच्या केंद्राचे पुनरुज्जीवन झाले आणि अमला यांनी ते पुढे अनेक वर्षे चालविले. १९७० नंतर 'शंकरस्कोप'मध्ये त्यांनी रंगमंच आणि चित्रपट यांची सांगड घातली. पडद्यावरील माणूस चालत चालत प्रत्यक्ष रंगमंचावर अवतरे. त्यात नृत्यापेक्षा तंत्राचे नवल अधिक होते. तथापि सत्तरीच्या कलावंताने जुन्या यशाची उजळणी करण्याऐवजी नव्याचा धोका पत्करला, ही गोष्ट लहान नव्हे. २६ सप्टेंबर १९७७ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले.

मृत्यूनंतर त्यांच्याविषयीचे लेखन अधिक गंभीर झाले. नृत्य-इतिहासकार मोहन खोकर यांनी १९८३ मध्ये त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले. १९८७ मध्ये अमेरिकन अभ्यासक जोन एर्डमन यांनी उदय शंकर यांच्या पाश्चात्त्य देशांतील कार्याकडे भाषांतर म्हणून पाहण्याची कल्पना मांडली. त्यामुळे अस्सल की नकली, या जुन्या प्रश्नाऐवजी भाषांतरात काय राखले गेले आणि काय बदलले, हा अधिक उपयोगी प्रश्न पुढे आला. याच दशकात भारतात नव्या नृत्याची चर्चा सुरू झाली होती. १९८४ मध्ये मुंबईत मॅक्समुल्लर भवन आणि एनसीपीए यांच्या पुढाकाराने झालेल्या पूर्व-पश्चिम नृत्यसंवादात महाराष्ट्रात जन्मलेल्या चंद्रलेखा यांच्या रचनांनी सर्वांचे लक्ष वेधले. देव-देवतांच्या कथा बाजूला ठेवून शरीर, श्रम आणि अवकाश यांचा विचार करणाऱ्या या पिढीचा मार्ग वेगळा होता. उदय शंकर यांच्या आरंभीच्या नृत्यांतील देवांचे लखलखते दर्शन हे पाश्चात्त्य नजरेसाठी सजविलेले होते, ही टीकाही आता अधिक स्पष्टपणे झाली. ती नाकारण्याचे कारण नाही. पण 'लेबर अँड मशिनरी'चा रचनाकारही तोच होता.

मुंबईच्या दृष्टीने आणखी एका धाग्याचा उल्लेख आवश्यक आहे. अल्मोडा बंद पडल्यावर शांती बर्धन यांच्यासह काही कलावंत अंधेरीतील 'इप्टा'च्या मध्यवर्ती पथकात आले आणि समूहनृत्याची ती पद्धत राजकीय रंगभूमीत रुजली. बर्धन यांनी १९५२ मध्ये लिटल बॅले ट्रूप स्थापन केला. नर्तकांनी कठपुतळ्यांच्या हालचालींत सादर केलेले त्यांचे 'रामायण' हे या वारशाचे उत्तम उदाहरण होय. सचिन शंकर यांनीही मुंबईतच आपले बॅले युनिट चालविले, तर नरेंद्र शर्मा यांनी दिल्लीत 'भूमिका' ही संस्था उभी केली. यांपैकी कोणीही गुरूच्या लकबी जशाच्या तशा उचलल्या नाहीत. उदय शंकर यांच्याकडे पद्धत नव्हती, या आक्षेपाचे हे प्रत्यक्ष उत्तर आहे.

त्यांच्या मूळ रचना मात्र आज पाहता येत नाहीत. डार्टिंग्टनमधील शेजारी कुर्ट योस यांची 'द ग्रीन टेबल' लाबान-लिपीत हालचालींसह नोंदली गेली आणि म्हणून जगातील अनेक नृत्यसंच ती अद्याप सादर करतात. उदय शंकर यांच्या 'इंद्र'ला किंवा 'कार्तिकेय'ला असे भाग्य लाभले नाही. त्या नृत्यांविषयी आपल्याला जे कळते ते छायाचित्रांतून, चित्रफितीच्या तुटक तुकड्यांतून, शिष्यांच्या आठवणींतून आणि बऱ्याच अंशी त्या काळच्या समीक्षांतून. ज्यांचे मोजमाप चुकले होते, त्यांचेच लेखन आता पुरावा होऊन बसले आहे. मार्टिन यांनी जे टिपले ते उरले. मजुरांच्या रांगा रंगमंचावर कशा सरकत होत्या, प्रकाश कोणत्या क्षणी बदलत होता, मृदंगाचा ठोका कोणत्या पावलावर पडत होता, हे ज्यांनी टिपले नाही, त्यांच्याबरोबर ते गेले.

अपवाद एकच, 'कल्पना'. त्याच्या प्रती झिजत चालल्या होत्या. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशनने इटलीतील बोलोन्या येथील प्रयोगशाळेत त्याचे जतनकार्य करविले आणि मे २०१२ मध्ये कान महोत्सवात तो पुन्हा दाखविण्यात आला. नव्वदी ओलांडलेल्या अमला शंकर त्या प्रदर्शनास उपस्थित होत्या. २०२० मध्ये, वयाच्या १०१ व्या वर्षी, कोलकात्यात त्यांचे निधन झाले. १९४८ मध्ये ज्या चित्रपटाला प्रेक्षक मिळाला नाही, त्याकडे आता नृत्यचित्रपटाचा एक आरंभबिंदू म्हणून पाहिले जाते. यंत्र आणि मजूर यांचे ते नृत्य त्यात काही मिनिटांपुरते का होईना, चित्रित झालेले आहे.